कोइनेतच्या सासूने सिंहीण बघितली

कोइनेतला गप्प करायचं असेल तर त्याच्यासमोर त्याची सासू आणून उभी करावी. दुसरा उपाय मला पंधरा वर्षांत सापडलेला नाही. मी मासाई मुलखातल्या सफारी कॅम्पचा मेकॅनिक. जीपखाली उताणा पडून तेल कुठून गळतंय ते शोधत असलो, तरी हा शेजारी उकिडवा बसून मला सांगणार, "फुंदी, हलू नकोस, तुझ्या डाव्या कानाजवळ शेणकिडा आहे. हा आपल्या वजनाच्या कितीतरी पट ओझं..." मला शेणकिड्याचं ओझं नको असतं, तेरा नंबरचा पाना हवा असतो. फुंदी म्हणजे कारागीर. माझं खरं नाव त्याला माहीत आहे की नाही, याची मला शंकाच आहे. नदीच्या अलीकडच्या एकोणीस सिंहांची नावं, वयं, आया आणि मावश्या मात्र तोंडपाठ.

गाइड म्हणून तो उत्तम, यात वाद नाही. दूरदूरचे पाहुणे येण्याआधीच "आम्हाला कोइनेत द्या" म्हणून कळवतात. पण बाकीच्या गाइडांचं काम संध्याकाळी संपतं, याचं संपत नसे. घरी जायचा आणि बायकोला कुजबुजत सांगायचा, "एकदम हालचाल करू नकोस, तुझ्या उजव्या हाताला पाल आहे." स्वतःच्या घरात, स्वतःच्या बायकोशी, कुजबुजत! रेसियातो गुणी बाई. तिने सात वर्षं पाली बघितल्या.

मग धाकट्या पोराचं नाव ठेवायचा दिवस आला. मेंढा कापला, म्हातारे जमले, रेसियातोने डोकं भादरून घेतलं, सगळे बापाची वाट बघत बसले. बाप सकाळचा पाहुण्यांना घेऊन गेला होता तो दुपारी यायचा. वाटेत एका चित्त्याच्या मादीने हरणाला पाडलं, आणि हा तिथेच अडकला. दिवस बुडताना आला, आणि सगळ्यांसमोर बसून त्या मादीने हरण कसं पाडलं ते हातवारे करून सांगायला लागला. रेसियातोने शेवटपर्यंत ऐकून घेतलं. सकाळी गाठोडं बांधलं, दोन्ही पोरं घेतली आणि आईकडे निघून गेली. जाताना एवढंच म्हणाली, "चित्त्याची पिल्लं कधी जन्मली ते याला विचारा, लगेच सांगेल. मग पोराचं नाव काय ठेवलं तेही विचारा."

लोकांनी विचारलं. त्याला माहीत नव्हतं.

तीन महिने झाले. माणूस अर्धा झाला. पाहुण्यांना जिराफ दाखवता दाखवता गप्प व्हायचा, आणि पाहुण्यांना वाटायचं, जिराफ दचकू नये म्हणून. एकदा मी जीपखाली होतो तर हाही शेजारी येऊन आडवा झाला आणि रडला. मोठ्या माणसाला जीपखाली रडताना बघणं फार वाईट. मी पाना खाली ठेवला.

"जा की मग सासुरवाडीला," मी म्हणालो. "मध घेऊन जा, माफी माग."

"कोणाची? सासरा नाही. सगळं पाकेरच्या हातात आहे."

इथेच सगळी पंचाईत होती. आमच्यात जावई आणि सासू एका छपराखाली बसत नाहीत, एकमेकांसमोर जेवत नाहीत, एकमेकांच्या तोंडाकडे बघत नाहीत. अंगाला हात लागणं तर कोणी मनातसुद्धा आणत नाही. लग्नात कोइनेतने सासूला मेंढी दिली, तेव्हापासून दोघं एकमेकांना पाकेर म्हणतात, म्हणजे मेंढीचे नातेवाईक. बोलायला तशी बंदी नाही, लांबून दोन शब्द चालतात. पण कोइनेत आता कसलाही धोका पत्करायला तयार नव्हता. म्हणून मध घेऊन मी गेलो.

म्हातारी कुंपणाशी बसून शेळीची धार काढत होती. चांगली थोराड बाई, हातात कायम काठी. आख्ख्या वस्तीवर तिचा वचक होता.

"येयो, कोइनेत म्हणतो, चुकलं," मी म्हणालो. येयो म्हणजे आई.

"काय चुकलं?"

"सगळंच."

"सगळंच म्हणतो, म्हणजे काहीच कळलेलं नाही." तिने मधाचं भांडं हुंगलं आणि बाजूला ठेवलं. "ती मालकिया कोण?"

माझी पाचावर धारण बसली. "सिंहीण आहे, येयो. कॅम्पवाल्यांनी ठेवलेलं नाव आहे."

"झोपेत तिचं नाव घेतो म्हणे. माझी पोर उशाशी असताना."

"तिला पिल्लं झालीत ना, येयो, त्याची काळजी..."

"माझ्या पोरीलाही पिल्लंच झालीत." तिने शेळीच्या पाठीवर थाप मारून तिला हाकललं. "असं कर. त्याला सांग, माझ्या लेकीला सोडून दिवसभर ज्या बयेला बघत बसतो, ती मला दाखव. बघीन, आणि मग सांगीन पोर पाठवायची की नाही."

तर असं ठरलं. वर्षातून एक दिवस आमचा कॅम्प गावातल्या बायकांना फुकटात जनावरं दाखवायला नेतो. बायका हसतात, पण जेवणाची पिशवी मिळते म्हणून येतात. म्हातारीने आपलं नाव दिलं. कोइनेतला हे कळलं तेव्हा आनंदाने तो उडाला, आणि खाली येईपर्यंत त्याचा चेहरा पडला.

"फुंदी, जीपला छप्पर आहे."

"मग?"

"एका छपराखाली कसं बसणार?"

आम्ही वस्तीतल्या सगळ्यात जाणत्या म्हाताऱ्याकडे, ओले किसेम्पेकडे गेलो. तो झाडाखाली तपकीर ओढत बसला होता.

"जीप घर आहे का?" कोइनेतने विचारलं.

"भिंती आहेत?"

"नाहीत. नुसते खांब."

"छप्पर?"

"ताडपत्रीचं."

"चूल?"

"चूल कुठली! चहाचा थर्मास असतो."

ओले किसेम्पेने बराच वेळ विचार केला. "चहा मिळतो, वर छप्पर आहे, पाऊस लागत नाही. माझ्या धाकट्या बायकोच्या घरात याहून जास्त काही नाही. घरच आहे."

मग मी ताडपत्री काढायला घेतली. चोवीस नट, त्यातले नऊ गंजलेले. मॅनेजरने विचारलं तर सांगितलं, दुरुस्ती. तेवढ्यात कोइनेतने आतला आरसा आभाळाकडे फिरवला.

"हे काय?"

"तोंड दिसलं तर त्यात?"

"मग मागचं कसं दिसणार तुला?"

"मागचं तू बघ."

मी बरं म्हणालो. ते माझं चुकलं, मी कबूल करतो.

त्या दिवशी मागे आठ बायका, पुढे कोइनेत आणि शेजारी मी. कोइनेत काय ते मला सांगणार, मी मान वळवून बायकांना सांगणार. भाषा एकच, जीप एकच, त्यांना त्याचा शब्द न् शब्द ऐकू येत होता. तरी मी प्रत्येक वेळी "कोइनेत म्हणतो" म्हणून सगळं पुन्हा सांगत होतो, आणि बायका प्रत्येक वेळी नव्याने ऐकल्यासारखं "अस्सं" म्हणत होत्या. हरणांचा कळप दिसला. एक बाई म्हणाली, "एवढी जनावरं, आणि धार कोणी काढत नाही?" पुढे एकटा रानरेडा चिखलात बसला होता. दुसरी ओरडली, "हाच तो! हाच माझ्या दिराच्या मागे लागला होता!" आणि त्याला अशा शिव्या दिल्या की रेडा उठून गेला. म्हातारी मात्र कशाकडे वळून बघत नव्हती. ती एकीलाच बघायला आली होती.

दहाच्या सुमाराला मालकिया सापडली. माळावर, दोन पिल्लांसकट, आणि आसपास सावलीला एकही झाड नाही. कोइनेतने जीप बेताने उभी केली. सिंहिणीने आमच्याकडे बघितलं, उठली, आळोखेपिळोखे दिले, सरळ चालत आली आणि जीपच्या सावलीत अंग टाकून दिलं. पिल्लं चाकाखाली शिरली. मी हात खाली सोडला असता तर तिच्या कानाला लागला असता. तिच्या नाकावरच्या माश्या मोजता येत होत्या. पंधरा वर्षं मी या जीपा दुरुस्त करतोय, पण जनावर इतक्या जवळून कधी बघितलं नव्हतं, आणि आता पुन्हा बघायचं नाही, असं मी तेव्हाच ठरवलं.

"हीच का?" मागून म्हातारीचा आवाज आला.

"कोइनेत म्हणतो, हीच," मी म्हणालो.

"झोपलीय."

"कोइनेत म्हणतो, दिवसातले वीस तास झोपते."

"वीस तास झोपणाऱ्या बाईपायी हा पोराचं नाव ठेवायला आला नाही?"

कोइनेत दुर्बिणीची काच पुसायला लागला.

एक तास गेला. दोन गेले. पिल्लं चाकाखाली, त्यामुळे गाडी सुरू करायची सोय नाही. सिंहिणीला आमची सावली, आणि आमच्या डोक्यावर ऊन. कारण आमचं छप्पर कॅम्पच्या शेडमध्ये, चोवीस नटांसकट. कोइनेत मला कुजबुजत सांगत होता, सिंहिणीच्या जिभेवर बारीक काटे असतात. मी त्याला कुजबुजत सांगितलं, तुझ्या जिभेला हाड नाही.

दुपार झाली, जेवणाच्या पिशव्या निघाल्या. जावयासमोर सासू जेवणार कशी? बायकांनी एक लाल शुका, म्हणजे अंगावर पांघरायचं कापड, काढली आणि आमच्या पाठीमागे पडद्यासारखी ताणून धरली. पडद्याअलीकडे मी उकडलेलं अंडं सोलायला घेतलं. कोइनेतने आपली पिशवी उघडलीच नाही. न जाणो, पडदा पडला तर?

मागे एकदम सगळं शांत झालं. आठ मासाई बायका, हातात फुकटचं जेवण, आणि कोणी चकार शब्द बोलत नाही, हे मला तेव्हाच खटकायला हवं होतं. पण मी अंड्यात होतो.

"ए! ऊठ! ऊठ म्हणते ना!"

आवाज मागून आला नाही, खालून आला. म्हातारी पलीकडच्या बाजूने उतरली होती, जीपला वळसा घालून आली होती आणि सिंहिणीपासून चार हातांवर काठी आपटत उभी होती. "लाज नाही वाटत? दुसऱ्याच्या सावलीत लोळतेस, दुसऱ्याच्या घरातला माणूस बसवून ठेवतेस! दोन पिल्लांची आई ना तू? ऊठ!"

गुरांमागे, शेळ्यांमागे आयुष्य गेलेलं. कुंपणाशी आलेले सिंह तिने असेच आरडाओरडा करून हाकलले होते. पण ते सिंह चोरी करायला आलेले असायचे, मनात भीती घेऊन आलेले. ही होती पिल्लांची आई, आणि तिला जीपची माणसं ओळखीची, पायांवरची माणसं नव्हे. तिचे कान मागे गेले. शेपटीचा गोंडा जमिनीवर आपटला, एकदा, दोनदा.

कोइनेत जीपमधून कसा उतरला ते मी बघितलं नाही. एवढंच बघितलं की तो दोघींच्या मध्ये उभा आहे, सिंहिणीकडे पाठ करून. त्याने डोळे घट्ट मिटले, हात पसरले, सासूला कमरेला धरलं आणि खांद्यावर घेतलं.

"पाकेर, माफ कर! पाकेर, माफ कर!"

"सोड! सोड मला! माझं बोलणं संपलं नाही!" म्हातारी काठीने त्याची पाठ सडकत होती.

"डोळे उघड!" मी ओरडलो.

"तोंड दिसेल!"

"डावीकडे! तुझ्या डावीकडे! पायाशी पिल्लू आहे, पाय वर घे! आता सरळ! सरळ!"

असा तो आंधळ्यासारखा ठेचकाळत, खांद्यावर सासू घेऊन, जीपला वळसा घालून आला. नेमकी त्याच वेळी दुसऱ्या कॅम्पची गाडी पाहुणे घेऊन तिथे पोचली. सहाच्या सहा पाहुण्यांनी कॅमेरे उचलले. आठ बायकांतल्या सात बायकांनी म्हातारीला वर ओढून घेतलं. मग मालकियाने एक लांबलचक जांभई दिली, पिल्लांना तोंडाने ढोसलं आणि माळावरून चालती झाली. तिच्या दृष्टीने काहीच झालं नव्हतं.

आमच्या दृष्टीने झालं होतं. जावयाने सासूला हात लावला होता. नुसता हात नव्हे, उचललं होतं, आणि तेही सात बायकांच्या देखत. परतीच्या वाटेवर सिंहिणीची आठवणही कोणाला राहिली नव्हती. झाडावर बिबट्या बसला होता, तो मला दिसला. मला! कोइनेतने तिकडे बघितलंही नाही.

"फुंदी," तो म्हणाला, "संपलं सगळं."

तिसऱ्या दिवशी झाडाखाली म्हातारे बसले. कोइनेत एका टोकाला मान खाली घालून, म्हातारी दुसऱ्या टोकाला त्याच्याकडे पाठ करून. त्या पाहुण्यांपैकी कोणीतरी फोटो पाठवला होता, तो ओले किसेम्पेच्या नातवाच्या फोनवर आला होता. फोन हातोहात फिरला.

"सिंहीण चांगली भरलीय," एक म्हातारा म्हणाला.

"या माळावर गवत चांगलं आलंय. आपली गुरं न्यायला हवीत," दुसरा.

"हा मुद्दा नाही," ओले किसेम्पे म्हणाला, आणि फोन स्वतःकडे घेऊन त्यानेही बराच वेळ गवत बघितलं. मग म्हणाला, "हात लावलाय. दिसतंय. पण डोळे मिटलेत. म्हणजे बघितलं नाही. अर्धा गुन्हा."

"अर्ध्या गुन्ह्याला काय करायचं?"

"अर्धा गुन्हा आजवर कोणी केलाच नव्हता."

तासभर वाद झाला. उचलणं म्हणजे हात लावणं की खांदा लावणं? बाईने काठीने मारलं, ते धरायचं की सोडायचं? मला कोइनेतची दया येत होती, आणि त्या सगळ्या म्हाताऱ्यांचा राग येत होता. शेवटी त्यांनी म्हातारीलाच विचारलं, तुझं म्हणणं काय? तू म्हणशील तर पोर कायमची तुझ्याकडे. कोणी बोट दाखवणार नाही.

म्हातारी उठली. कोइनेतकडे पाठच होती.

"मी काय बघायला गेले होते, ते सगळ्यांना माहीत आहे," ती म्हणाली. "बघितलं. देखणी आहे. माझ्या पोरीचा संसार तिच्यापायी मोडावा, इतकी आहे का? मला तरी नाही वाटली. पण जनावर आहे, तिला काय बोलायचं. आता ऐका. हा माणूस सिंहीण दिसली की पापणी पाडत नाही. पोर जन्मली तेव्हा नाही, पोराचं नाव ठेवलं तेव्हा नाही. आणि परवा सिंहीण पाठीला लागून होती, इतकी जवळ की तिचा श्वास याच्या पोटऱ्यांना लागत असेल. या मेल्याने डोळे मिटले. माझी लाज राहावी म्हणून. सिंहिणीसमोर!" तिचा आवाज फाटला, आणि ते झाकायला तिने काठी आपटली. "तुम्ही अर्धा गुन्हा, पाव गुन्हा काय ते बघत बसा. पाकेर, उद्या सकाळी येऊन पोर घेऊन जा."

कोइनेतने खाली मातीत तोंड घातलं. मीही नाक शिंकरलं. तपकिरीने झालं, असं सांगितलं.

दुसऱ्या सकाळी आम्ही निघालो. खाजगी कामाला जीप मिळत नाही, म्हणून चालत. कोइनेतच्या पाठीला धाकटा, माझ्या खांद्यावर थोरली, रेसियातोच्या डोक्यावर गाठोडं. ती पुढे चालत होती, आणि निघाल्यापासून त्याच्याशी एक अक्षर बोलली नव्हती. आईने पाठवलंय म्हणून आलेय, हे तिच्या पाठीवरून कळत होतं.

ओढ्यापाशी झाडीतून हत्ती निघाले. अकरा. आम्ही पाचहीजण जागच्या जागी थांबलो, आणि ते आमच्या समोरून, पंधरा पावलांवरून, एकामागून एक जायला लागले. त्यांच्या पायांखालची माती हलताना दिसत होती. मी कोइनेतकडे बघितलं. कपाळावरची शीर उडत होती. त्या अकरांतला एकेक त्याच्या ओळखीचा होता, हे मला ठाऊक आहे. पुढची फाटक्या कानाची म्हातारी, तिची बहीण, तिची नात. कोण कोणत्या दुष्काळात जन्मलं, कोणाची आई कुठे मेली. सगळं त्याच्या दातांपर्यंत आलं होतं. त्याने दात आवळून धरले.

शेवटचा हत्ती गेला तशी रेसियातो वळली. तीन महिन्यांत पहिल्यांदा तिने त्याच्या तोंडाकडे बघितलं.

"ती पुढची कोण होती?" तिने विचारलं. "फाटक्या कानाची?"

कोइनेतने पोराला पाठीवर जरा वर सरकवलं.

"माहीत नाही," तो म्हणाला.

पंधरा वर्षांत हे दोन शब्द मी त्याच्या तोंडून ऐकले नव्हते. रेसियातो त्याच्याकडे बघतच राहिली. मग तिच्या तोंडाचा एक कोपरा हलला.

"खोटारडा मेला," ती म्हणाली, आणि डोक्यावरचं गाठोडं काढून तिने त्याच्या डोक्यावर ठेवलं.